तीन फुल्या, दोन समया : आठवणीतून उभं केलेलं एका शहराचं मानचिन्ह

एप्रिल २०२० मधल्या एका रविवारी नाशिकला जेलरोडवरच्या आमच्या घरात, हॉलच्या फरशीवर, ॲमस्टरडॅम शहराचं मानचिन्ह तयार झालं. करणारे माझे आई-बाबा. आई तेव्हा ७१ वर्षांची, बाबा ७६ चे. साहित्य म्हणजे एक सोलापुरी चादर, आईची चंद्रकळा, खराट्याचे हीर, पोळ्या गुंडाळायचा फॉइल, दोन समया, काथ्या, एक पितळी गडवा आणि माझ्या लग्नातल्या मुंडावळ्या. समोर चित्र नव्हतं, फोटो नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या गावात काढलेल्या तीन महिन्यांची आठवण तेवढी होती.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवते. त्यातलं स्मरणचित्र हा शिकवायला सगळ्यांत अवघड विषय, असं माझं जुनं मत आहे. वस्तुचित्रात घागर समोर असते, चूक दाखवता येते. स्मरणचित्रात मुलाच्या डोक्यात काय होतं ते दिसत नाही, कागदावर काय उतरलं तेवढंच दिसतं. त्या रविवारी पहिल्यांदा मला डोक्यातून कागदावर येण्याची ही वाट जवळून पाहायला मिळाली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते.

पार्श्वभूमी

दादा, वहिनी आणि माझा भाचा ॲमस्टरडॅमला राहतात. २०१८ च्या उन्हाळ्यात आई-बाबा त्यांच्याकडे गेले होते. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून बरोबर तीन महिने राहिले. मी गेले नव्हते, आजवरही गेलेले नाही. या प्रकरणात ते महत्त्वाचं ठरलं, कारण आई-बाबांचा वाद सुरू झाला तेव्हा बरोबर कोण हे मलाही ठाऊक नव्हतं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. त्याच महिन्यात ॲमस्टरडॅममधल्या एका तरुणीनं इन्स्टाग्रामवर एक खेळ सुरू केला होता. घरातल्या तीन वस्तू घ्यायच्या आणि एखादं प्रसिद्ध चित्र हुबेहूब उभं करून फोटो काढायचा. पुढं लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं तो उचलला आणि जगभर लोक टॉवेलचे फेटे बांधून, पडदे अंगावर घेऊन जुनी तैलचित्रं करायला लागले. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानं व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना आव्हान दिलं, “आमच्या गावाचं चिन्ह करून दाखवा. पण बघायचं नाही हं, आजोबा. आत्या, तू लक्ष ठेव.”

मानचिन्ह हा शब्द आपल्या तोंडी फारसा नसतो. आपल्याकडे मुद्रा असते, शिक्कामोर्तब असतं, देवस्थानाचं निशाण असतं. युरोपात एकेका गावाची स्वतःची ढाल असते, आणि तिच्यावर ठरलेले रंग आणि ठरलेल्या खुणा. ती पद्धत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना दिलेल्या निशाणांवर अशाच ढाली रंगवल्या होत्या. तिकडच्या गावांत मात्र हे चिन्ह दरबारात राहत नाही. कचऱ्याच्या डब्यावर, रस्त्यावरच्या खांबांवर, पुलांच्या कठड्यावर, सगळीकडे ते असतं. आई-बाबांनी ते तीन महिन्यांत किती वेळा पाहिलं असेल याची मोजदाद नाही.

म्हणून दोघंही आधी म्हणाले, “त्यात काय, सोपं आहे.”

पहिले दोन कागद

मी परीक्षेसारखंच केलं. आईला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, बाबांना गॅलरीत. दोघांना एकेक कोरा कागद आणि माझ्या पेटीतले तेलखडू. बोलायचं नाही, फोन माझ्याकडे. वीस मिनिटं.

आईचा कागद असा आला: आडवा पट्टा, काळा. त्याच्या वर आणि खाली लालभडक. काळ्यावर तीन पांढऱ्या फुल्या, एका ओळीत, शेजारी शेजारी. पट्ट्याच्या वर, मधोमध, एक मुकुट. मुकुट निळा.

बाबांचा कागद: उभी ढाल. फुल्या तीनच, पण एकाखाली एक. भोवतीचा रंग लाल नाही, तपकिरीकडे झुकलेला, विटेसारखा. काळा पट्टा नाहीच. ढालीच्या वर तीन सिंह, तोंडं तीन दिशांना. सगळ्यांत खाली एक फीत, आणि फितीवर अक्षरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघोट्या.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि घरात गरमागरमी सुरू झाली. आईचं म्हणणं, फुल्या उभ्या कशा असतील, त्या तर रांगेत असतात. बाबांचं म्हणणं, त्यांनी आयुष्यभर छापील ताव तपासलेत, त्यांची नजर चुकणार नाही. बाबा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून जिथं नोटा छापल्या जातात त्या कारखान्यात त्यांनी रेघेचा, शाईचा, अक्षराचा बारीकसा फरक पकडण्याची नोकरी केली. “मला सांगू नकोस, उभ्याच आहेत,” ते म्हणाले.

मला वाटलं, बाबाच बरोबर. नजर त्यांची, सराव त्यांचा. मी त्यांच्या बाजूनं निकाल देणार इतक्यात आई म्हणाली, “अहो, पण तुम्ही पाहिलंत कुठं?”

वाद जिंकायला विचारलेला प्रश्न होता तो. बाबा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “खांबांवर.”

ॲमस्टरडॅमच्या फुटपाथच्या कडेला गाड्या वर चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले असतात. कमरेच्या थोडे वर येतात. रंग तपकिरी-लाल. तिथले लोक त्यांना लाडानं ‘ॲमस्टरडामर्त्ये’, म्हणजे ‘छोटा ॲमस्टरडॅमकर’ म्हणतात. प्रत्येकावर तीन फुल्या, एकाखाली एक. बाबा रोज सकाळी फिरायला जायचे. गुडघा दुखला की एखाद्या खांबाच्या डोक्यावर तळहात टेकून दम खायचे. त्यांनी तो हात आम्हांला करून दाखवला, बोटं खाली वळवून, जणू खांब हाताखाली आहे. त्या उंचीवरून खाली पाहिलं की त्यांना फुल्या दिसायच्या. म्हणून फुल्या उभ्या. म्हणून रंग विटकरी. म्हणून काळा पट्टा नाही, कारण खांबावर तो नसतो.

“आणि तू?” बाबांनी विचारलं.

आईनं पाहिल्या होत्या होड्यांवर. दादाचं घर कालव्यालगत. दुपारी ती खिडकीशी बसून खालून जाणाऱ्या होड्या मोजायची. पुष्कळ होड्यांच्या मागच्या टोकाला शहराचा झेंडा लावलेला असतो. झेंड्यावर वर लाल, मधे काळा, खाली लाल असे आडवे पट्टे, आणि काळ्यावर तीन फुल्या एका ओळीत. हा झेंडा शहरानं १९७५ मध्ये अधिकृत केला. ढालीवर पट्टा उभा, झेंड्यावर तोच आडवा. ही माहिती मला नंतर मिळाली. त्या क्षणी एवढंच कळलं की दोघांपैकी कुणीही विसरलेलं नाही. दोघांनी दोन वेगळ्या वस्तू पाहिल्या होत्या आणि दोन्ही अचूक काढल्या होत्या.

मुकुटाचं तसंच. शहराच्या मधल्या भागात वेस्टरकर्क नावाचं चर्च आहे, ॲन फ्रँकचं घर त्याच्या शेजारीच. त्याच्या सुमारे ८५ मीटर उंच मनोऱ्याच्या टोकावर एक मोठा निळा मुकुट आहे. आईला आठवत होता तो तोच. निळा रंग तिनं मनानं घातला नव्हता.

तीन सिंहांचं काय?

बाबांच्या सिंहांना मात्र असा पत्ता सापडेना. खांबावर सिंह नाहीत. झेंड्यावर नाहीत. “होते, नक्की होते,” एवढंच ते म्हणत राहिले. मी विचारलं, “बसलेले की उभे?” म्हणाले, “बसलेले. आणि तीन दिसतात, चौथा मागं असतो.”

हे वाक्य बोलता बोलताच ते थांबले. “अगं, हे तर आपलेच.”

सारनाथच्या अशोकस्तंभाचे चार सिंह, समोरून तीन दिसणारे, २६ जानेवारी १९५० पासून आपलं राष्ट्रचिन्ह. बाबांच्या हाताखालून ते किती वेळा गेले असतील! सिंह आणि सरकारी चिन्ह हे दोन शब्द एकत्र आले की त्यांच्या मनात एकच आकृती उभी राहते. ॲमस्टरडॅममध्ये कुठंतरी, एखाद्या दारावर किंवा पुलावर, त्यांनी सिंह पाहिले असणार. सिंह होते एवढंच आठवलं, आणि ते कसे होते ही रिकामी जागा सारनाथनं भरली.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हेच मांडलं होतं. त्यांनी इंग्रज मंडळींना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि नंतर आठवेल तशी लिहायला सांगितली. अनोळखी तपशील गळून पडले, किंवा ओळखीचे कपडे घालून परत आले. आदिवासींची पोकळ लाकडाची नाव सांगता सांगता साधी बोट झाली. बाबांच्या कागदावर हेच झालं होतं, फक्त बोटीच्या जागी सिंह.

आणि रोज पाहिलं म्हणजे लक्षात राहतं हेही खरं नाही. १९७९ मध्ये रेमंड निकरसन आणि मेरिलिन ॲडम्स या अमेरिकी संशोधकांनी लोकांना त्यांच्या खिशातलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. नाण्यावरच्या आठ ठळक गोष्टींपैकी साधारण तीनच लोकांना नीट जमल्या. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात ८५ विद्यार्थ्यांकडून ॲपल कंपनीचं चिन्ह काढून घेतलं, तेव्हा ते पूर्ण बिनचूक फक्त एकाला काढता आलं. नाणं ओळखायला त्याचा आकार आणि रंग पुरतो, बाकीचं मन साठवून ठेवत नाही. मी स्वतः वर्गात दहा रुपयांचं नाणं काढायला सांगते. मुलं दोन वर्तुळं काढतात, आत दहा लिहितात आणि माझ्याकडे बघत बसतात.

उभारणी

कागद झाले, आता वस्तू. तीन वस्तूंची अट पहिल्या पाच मिनिटांत मोडली.

लाल रंगासाठी मी आईच्या येवल्याच्या पैठणीकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. विषय तिथं संपला. मग लाल सोलापुरी चादर निघाली. नक्षी दिसू नये म्हणून ती उलटी अंथरली, खालचे दोन कोपरे आत दुमडले, ढालीचं टोक आलं.

काळ्यासाठी संक्रांतीची चंद्रकळा. तिच्यावर पांढरे ठिपके, ते आईनं घडीच्या आत घेतले आणि नुसता काळा भाग वर ठेवला. पट्टा किती रुंद? बाबांना पट्टा आठवत नव्हता, पण प्रमाणाची नजर होती. त्यांनी वीत लावली आणि सांगितलं, “ढालीचा तिसरा भाग.” पुढं वाचनात आलं की ढालीवरच्या अशा उभ्या पट्ट्याला परंपरेनं साधारण तेवढीच रुंदी देतात.

संध्याकाळ व्हायला आली होती. ट्यूब लावायच्या आधी काळा पट्टा लालात बुडाल्यासारखा दिसत होता. बाबा अस्वस्थ झाले, “हे लांबून कळणार नाही.” त्यांचं म्हणणं मानचिन्हांच्या शास्त्रातला एक जुना नियमच होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या शास्त्रात सोनं आणि चांदी हे धातू, आणि लाल, काळा, निळा, हिरवा हे रंग. रंगावर रंग ठेवू नये, धातूवर धातू ठेवू नये, म्हणजे चिन्ह दुरून उठून दिसतं. ॲमस्टरडॅमची ढाल हा नियम मोडते, तिच्यात लालावर काळं आहे. तिला तोलून धरतात त्या तीन फुल्या, कारण त्या चांदीच्या.

आणि फुल्यांनीच आम्हांला सगळ्यांत जास्त रडवलं. आधी आईनं सहा डाव आणले आणि दोन-दोन एकमेकांवर आडवे ठेवले. डावांची डोकी गोल, त्यामुळे फुली न दिसता फूल दिसायला लागलं. झारा, उलथनं, पळी, सगळ्यांची लांबी वेगळी. सुऱ्या एकमेकींवर ठेवायला आईनं साफ नकार दिला, घरात भांडणं होतात म्हणून. मग पांढऱ्या नाड्या. त्या सरळच राहीनात.

शेवटी बाबा मागच्या दारातून नवा खराटा घेऊन आले. केरसुणीला आईनं हात लावू दिला नसता, ती लक्ष्मी. खराट्याला तिनं हो म्हटलं. बाबांनी हीर सोडवले, पंचवीस-तीसची एकेक जुडी केली, कात्रीनं टोकं सारखी कापली. आईनं प्रत्येक जुडी पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळली, अगदी तिच्या पोळीच्या सुरळीसारखी, एका हातानं फिरवत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबत. फॉइल हिरांवर बसला की त्यावर हिरांच्या बारीक उभ्या रेघा उमटायच्या. अशा सहा चंदेरी दांड्या झाल्या. काळ्या घडीवर पहिली फुली ठेवली आणि ट्यूबच्या उजेडात ती एकदम उजळली. बाबा मागं सरकून उभे राहिले आणि म्हणाले, “हां. आता कळतंय.”

उभ्या की आडव्या, हा वाद अजून मिटला नव्हता. बाबांनी आपल्या बाजूनं फुल्या एकाखाली एक मांडल्या. आई स्वयंपाकघरातून पाणी पिऊन आली आणि चादरीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. तिथून पाहिलं तर काळा पट्टा आडवा आणि तिन्ही फुल्या एका ओळीत. “हेच तर म्हणत होते मी!” फुली ही खूणच अशी की ती उभी धरा नाहीतर आडवी, फुलीच राहते. आई नंतरचा अर्धा तास त्याच जागी बसून काम करत राहिली.

सिंह दोन ठेवायचे असं ठरलं. आठवण कुणालाच नव्हती, पण आईनं सांगितलं, “दाराशी दोन असतात, तीन नसतात.” गणपतीत काढतो त्या दोन उंच समया ढालीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या आणि त्यांच्या गळ्याशी काथ्या पिंजून बांधला, आयाळ म्हणून. मुकुटाला पितळी गडवा उपडा ठेवला आणि त्याभोवती मुंडावळ्या गुंडाळल्या. मोत्याच्या सरी गडव्याच्या बुडापासून खाली ओघळत होत्या. फीत म्हणून जुन्या पातळाचा काठ. त्यावर लिहायला मात्र काही नव्हतं.

पडताळा

तिकडे दुपारचे अडीच वाजले होते, आपल्याकडे सहा. मी खुर्चीवर चढून वरून फोटो काढला आणि पाठवला. भाच्यानं फोन केला आणि कॅमेऱ्यासमोर खरं चित्र धरलं.

लाल ढाल, मधून उभा काळा पट्टा, तीन रुपेरी फुल्या एकाखाली एक. दोन्ही बाजूंना सोनेरी सिंह, मागच्या पायांवर ताठ उभे, समयांसारखे. वर मुकुट. खाली फितीवर तीन शब्द.

आई-बाबा दोघंही पडद्याच्या इतके जवळ गेले की भाच्याला त्यांची कपाळंच दिसायला लागली.

मुकुटाची हकीगत दादानं सांगितली. १४८९ मध्ये, पुढं सम्राट झालेला मॅक्सिमिलियन पहिला यानं या शहराला आपला मुकुट चिन्हात लावायची परवानगी दिली. फुल्यांची हकीगत भाच्यानं सांगितली, “आजी, एक फुली आगीची, एक पुराची, एक प्लेगची. तीन संकटांतून आमचं गाव वाचलं.” आई गप्प झाली. तेव्हा दारं बंद करून बसलेलो आम्ही सगळेच, आणि प्लेग हा शब्द तिनं तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेला. “म्हणजे तेव्हाही असंच असेल,” ती म्हणाली.

ही कथा तिकडे सर्रास सांगतात, पण ती मागाहून जोडलेली आहे. फुल्या बहुधा पर्सेन नावाच्या सरदार घराण्याच्या चिन्हातून आल्या. त्या घराण्यातला यान १२८० ते १२८२ या काळात ॲमस्टरडॅमचा धनी होता, आणि शेजारच्या गावांच्या चिन्हांवरही अशाच फुल्या आहेत. फुली हा संत अँड्र्यूचा क्रूस. त्याला अशा तिरप्या क्रुसावर मारलं असं परंपरा सांगते. मी हे भाच्याला सांगितलं, पण आईला सांगायची घाई केली नाही. त्या एप्रिलमध्ये तिला त्या तीन संकटांची गरज होती, आणि मला ते दिसत होतं.

फितीवरचे शब्द भाच्यानं वाचले: हेल्डहाफ्तिख, फास्तबराडन, बार्महार्तिख. शूर, निश्चयी, दयाळू. बाबांनी विचारलं, हे काय जुनंच आहे का? नाही, हे सगळ्यांत नवं. नाझी फौजांनी शहर ताब्यात घेतलं होतं, आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यू वस्तीत शिरून चारशेहून जास्त तरुण उचलून नेले. त्याविरुद्ध २५ फेब्रुवारीला ट्रामवाले, गोदी कामगार, महापालिकेचे कामगार संपावर गेले. दोन दिवसांत संप चिरडला गेला. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये राणी विल्हेल्मिना यांनी त्या लोकांच्या आठवणीसाठी हे तीन शब्द चिन्हात घातले. बाबा कामगार माणूस. संप म्हटल्यावर ते सरसावून बसले आणि दादाला चार प्रश्न विचारले. मग उठून त्यांनी माझ्याकडून स्केचपेन घेतलं आणि पातळाच्या काठावर तीन शब्द लिहिले, देवनागरीत, प्रेसमध्ये शिकल्यासारखे एकसारख्या उंचीचे: शूर. निश्चयी. दयाळू. आईचा जुना काठ त्यात कायमचा रंगला, पण ती काही बोलली नाही.

देवनागरीत लिहिलं, खराट्याची फुली केली, मग ते मानचिन्ह राहिलं का? माझ्या मते पूर्ण राहिलं, आणि हे मी मायेपोटी म्हणत नाही. युरोपच्या परंपरेत मानचिन्हाचं मूळ चित्रात नसतं, शब्दांत असतं. ‘लाल ढाल, तिच्यावर काळा उभा पट्टा, पट्ट्यावर तीन रुपेरी फुल्या’ एवढं वर्णन पाळलं की लाल नेमका कोणता, फुली किती जाड, हे करणाऱ्यावर सोडलेलं असतं. दगडात कोरा, काचेत रंगवा, लोकरीनं विणा. आमच्या फरशीवरच्या ढालीत वर्णनातलं काहीही कमी नव्हतं.

त्यानंतर

शाळा सुरू झाल्यावर मी स्मरणचित्राचा तास घेण्याची पद्धत बदलली. आधी मी चित्र पाहून म्हणायचे, हात लांब झालाय, झाड छोटं झालंय. आता आधी आईचा प्रश्न विचारते, तू हे पाहिलंस कुठून?

एका मुलीनं गोदाघाटाचं चित्र काढलं होतं. दुतोंड्या मारुती छातीपासून वर, खाली सगळं निळं. मला ते अर्धवट वाटलं. नाशिकचं मूल, आणि दुतोंड्याचे पाय विसरलं? मी विचारलं. ती म्हणाली, “बाई, बाबा मला पूर आला की दाखवायला नेतात.” पाऊस जोराचा झाला की अख्खं नाशिक पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते बघायला जातं. तिनं मारुती पुरातच पाहिला होता. पाय तिला दिसलेलेच नव्हते. मी त्या चित्राला पूर्ण गुण दिले, आणि पुढच्या रविवारी उन्हात घाटावर जाऊन पाय बघून ये असंही सांगितलं.

दुसऱ्या एका मुलानं भाजीबाजार काढला तो सगळा टोपल्यांच्या उंचीवरून, माणसं कमरेपर्यंतच. तो आईबरोबर भाजीच्या पाटीमागं बसतो.

घरातलं मानचिन्ह दुसऱ्या दिवशी सकाळी आवरलं. चादर घडी झाली, चंद्रकळा कपाटात गेली, समया पुसून ठेवल्या. सहा दांड्या आईनं फेकल्या नाहीत, त्या अजून माळ्यावर आहेत.

पुढच्या रविवारी बाबांनी भाच्याला उलट आव्हान दिलं. आता तू नाशिकचं चिन्ह कर, बघायचं नाही. तो शेवटचा इकडे आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता. संध्याकाळी फोटो आला. त्यांच्या लाकडी जमिनीवर निळ्या टॉवेलची नदी. नदीच्या दोन्ही बाजूंना मनुकांचे ढीग, ही द्राक्षं. नदीच्या मधे पाठीला पाठ लावलेली दोन खेळणी, हा मारुती. आणि सगळ्यांच्या वर, जिथं मुकुट असतो तिथं, कडीचा एक स्टीलचा डबा.

“हे काय रे?” बाबांनी विचारलं.

“चिवड्याचा डबा. आजीच्या घरी तो वर असतो, माझा हात पुरत नाही.”

आईनं फोन स्वतःच्या हातात घेतला, चित्र मोठं केलं आणि डब्याच्या झाकणावर कोरलेलं तिचं नाव वाचलं.

“अगंबाई,” ती म्हणाली, “हा तिकडेच राहिला होय?”